‘फॉरमॅट मारा’ म्हणण्यापूर्वी

पुण्याहून पौड रस्त्याला लागले की भूगावनंतर भुकूम येते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेते जास्त आणि इमारती कमी होत्या. आता उलट आहे. पावसाळ्यात लाईट जाणे मात्र तसेच राहिले आहे. गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी आमच्या शेजारी राहणाऱ्या एका शिक्षिकेच्या संगणकाची वीज नको त्या क्षणी गेली. संगणक जुना. त्यावर विंडोज ७ आणि उबुंटू अशा दोन कार्यप्रणाली होत्या, आणि सुट्टीत आलेला भाचा तिसरी बसवत होता. जागा करण्याच्या नादात त्याने ‘नवा पार्टिशन टेबल’ हा पर्याय निवडला. नवा तक्ता लिहिला गेला, त्यात नोंदी भरायच्या राहिल्या, आणि घर अंधारात गेले. वीज परत आली तेव्हा काळ्या पडद्यावर, कार्यप्रणाली सापडत नाही, अशा अर्थाची एक ओळ तेवढी उरली होती.

दुसऱ्या दिवशी बाई संगणक घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेल्या. तिथल्या मुलाने डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, “मॅडम, फॉरमॅट मारावा लागेल. डेटा जाईल.”

डेटा म्हणजे आठ वर्षे शाळेतल्या मुलांनी रोज मोजलेला पाऊस, आणि खाटपेवाडीच्या तलावाकडून निघणाऱ्या रामनदीची दर महिन्याला एकाच जागेवरून काढलेली छायाचित्रे. मूळ वह्या त्या त्या वर्षीच्या मुलांबरोबर घरी गेलेल्या. बाईंनी फॉरमॅट मारू दिला नाही, संगणक उचलून परत आणला आणि आमच्या दारात आल्या. त्या उचलून आणण्यामुळेच पुढचे सारे शक्य झाले.

या पानांवर आम्ही बहुधा पुस्तकांची समीक्षा करतो. या वेळी एका आज्ञावलीची करणार आहोत. तिचे नाव टेस्टडिस्क. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने १९९८ पासून लिहिलेली, मुक्त परवान्याची, फुकट मिळणारी. पण एखाद्या वैद्यकाच्या पुस्तकाची समीक्षा शरीराबद्दल काहीच न बोलता करता येत नाही. तेव्हा आधी आजार नेमका कोठे होता ते पाहू.

हार्ड डिस्कवर सर्वांत आधी एक सेक्टर असतो, क्रमांक शून्य. ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट म्हणजे संगणक सुरू होताना चालणारी छोटी आज्ञावली. शेवटचे दोन बाइट म्हणजे ठरावीक सही, सोळाच्या पायावरील अंकांत ५५ आणि एए. मधले ६४ बाइट म्हणजे पार्टिशन टेबल: प्रत्येकी १६ बाइटच्या चार नोंदी. बाईंची डिस्क ५०० जीबीची होती, म्हणजे तिच्यावर ९७,६७,७३,१६८ सेक्टर होते. त्यांतले कोणते विंडोजचे, कोणते उबुंटूचे, कोणते छायाचित्रांचे, हे ठरवणारा सारा कारभार या ६४ बाइटांतून सुरू होत होता.

आमच्या गावात जमिनीची भाषा सर्वांना येते, म्हणून बाईंना आम्ही तीच वापरून सांगितले. पार्टिशन म्हणजे वाटणी आणि पार्टिशन टेबल म्हणजे वाटणीचा कागद. कोणाचा तुकडा कोठे सुरू होतो आणि किती लांब आहे, एवढेच त्यावर लिहिलेले असते. तुकड्यात काय पेरले आहे ते नसते. कागद जळला म्हणून शेत जळत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्याच्या हद्दीवर त्याचा स्वतःचा दगड असतो. विंडोजच्या एनटीएफएस विभागाच्या पहिल्याच सेक्टरमध्ये ‘एनटीएफएस’ ही अक्षरे लिहिलेली असतात, त्या विभागाची लांबी असते, आणि त्या सेक्टरची एक नक्कल विभागाच्या अगदी शेवटी ठेवलेली असते. लिनक्सच्या विभागात सुरुवातीपासून १०२४ बाइटांवर ‘सुपरब्लॉक’ नावाची माहिती असते. तिच्यात ईएफ५३ ही खूण असते, आणि तिच्या प्रती पुढे ठरावीक अंतरांवर पुन्हा पुन्हा ठेवलेल्या असतात. म्हणजे कागद हरवला तरी कोणी सबंध शिवार पायी फिरून दगड शोधले, तर वाटणी पुन्हा लिहिता येते. टेस्टडिस्क हेच करते.

‘संगणक सुरू होत नाही’ या एका तक्रारीखाली तीन वेगळे आजार येतात, आणि ते वेगळे न ओळखणे हे ‘फॉरमॅट मारा’ या सल्ल्याचे मूळ आहे. ४४६ बाइटांची आज्ञावली बिघडली असेल तर तक्ता शाबूत असतो. एका संगणकावर दोन-तीन कार्यप्रणाली ठेवणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो: विंडोज नव्याने बसवली की ती आपली आज्ञावली तिथे लिहिते, लिनक्सचा रस्ता बंद होतो, आणि माणसाला वाटते लिनक्सच गेले. दुसरा आजार तक्त्याचा, बाईंच्या संगणकाला झाला तो. तिसरा फाइल-व्यवस्थेचा, म्हणजे शेताच्या आतल्या बांधांचा. तिन्हींवर फॉरमॅट हा उपाय चालतो, असे वरवर दिसते, कारण त्यानंतर संगणक सुरू होतो. रुग्ण बदलून नवा आणला तर तोही चालू लागतोच.

या सल्ल्याची किंमत आम्ही फार पूर्वी पाहिली आहे. २६ एप्रिल १९९९, सोमवार. आम्ही तेव्हा महाविद्यालयात होतो. त्या दिवशी सीआयएच नावाचा विषाणू जगभर जागा झाला. तैवानमधील चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने १९९८ मध्ये लिहिलेला. विंडोज ९५ आणि ९८ वर तो चाले. संगणकाची बायॉस चिप पुसण्याचा प्रयत्न तो करी, आणि त्याशिवाय हार्ड डिस्कचे पहिले १०२४ किलोबाइट शून्यांनी भरून टाकी. शून्य क्रमांकाचा सेक्टर अर्थातच त्यात आला, आणि पार्टिशन टेबलही. आमच्या प्रयोगशाळेतील संगणकांपैकी ज्यांना त्याने गाठले, ते सारे त्याच आठवड्यात फॉरमॅट झाले. एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा प्रकल्प त्यात गेला. कोणी डिस्क तपासून पाहिली नाही; आम्हीही नाही. रडलो मात्र सर्वांनी मिळून.

आता हिशेब करून पाहा. विंडोज ९५ च्या मूळच्या फॅट-१६ पद्धतीत फाइल कोठे कोठे ठेवली आहे हे सांगणारी यादी जास्तीत जास्त १२८ किलोबाइटची असे. सुरक्षेसाठी तिच्या दोन प्रती ठेवीत, पण लागोपाठ. दोन्ही मिळून २५६ किलोबाइट, म्हणजे पहिल्या विभागातल्या दोन्ही प्रती विषाणूच्या पहिल्या मेगाबाइटमध्ये खलास. फॅट-३२ मध्ये गोष्ट वेगळी. ४ जीबीचा विभाग, ४ किलोबाइटचे तुकडे, म्हणजे सुमारे साडेदहा लाख नोंदी; प्रत्येक ४ बाइटची; यादी झाली ४ मेगाबाइटची. पहिल्या प्रतीचा सुमारे पाव हिस्सा गेला, पण दुसरी प्रत चौथ्या मेगाबाइटच्या पुढे असल्यामुळे तिला धक्काही लागला नाही! आणि ज्यांच्या डिस्कवर दुसरा, ‘डी’ नावाचा विभाग होता, त्यांचा तो विभाग जुना असो वा नवा, आतून संपूर्ण शाबूत होता. फक्त त्याचा पत्ता गेला होता. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकी प्रोग्रामरने याच तर्कावर डिस्क परत जुळवणारी एक छोटी आज्ञावली तेव्हा लिहून फुकट वाटली. विषाणूने पत्ता पुसला होता. घरे आम्ही पाडली.

त्याच दशकात पुण्यात कैलास आणि संजय काटकर हे बंधू कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून क्विक हील या विषाणूविरोधी आज्ञावलीपर्यंत पोहोचले. दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र उघडून पाहायची सवय असते. आमच्या प्रयोगशाळेत ती नव्हती, आणि आमच्या हाती पदव्या येणार होत्या.

आता टेस्टडिस्ककडे वळू. तिचा पहिला गुण असा की ती तक्त्यावर विश्वास ठेवत नाही. तो वाचते, दाखवते आणि बाजूला ठेवते. मग डिस्कवर फिरून दगड शोधते. आधी झटपट शोध: विभाग जिथे सुरू होण्याची शक्यता जास्त, त्या जागा. तेवढ्याने भागले नाही तर सखोल शोध; तो मोठ्या डिस्कवर तासन्‌तास चालतो. बाईंच्या डिस्कवर झटपट शोधातच यादी आली, आणि येथे खरी गंमत झाली. विंडोजचा पहिला विभाग दोन वेळा सापडला होता: एक ६३ क्रमांकाच्या सेक्टरपासून सुरू होणारा, दुसरा २०४८ पासून. दोन्ही एकाच जागेवर दावा सांगणारे.

कारण शोधायला आम्हाला वेळ लागला नाही. विंडोज एक्सपीच्या काळात पहिला विभाग सेक्टर ६३ पासून सुरू करण्याची रीत होती. विंडोज व्हिस्टापासून ती बदलून २०४८ झाली. या संगणकावर पूर्वी एक्सपी होती, मग ७ बसली. नवा विभाग पुढे सरकला आणि जुना दगड रिकाम्या पट्टीत तसाच पडून राहिला. जमिनीच्या मोजणीत असे होतेच. आजोबांच्या वाटणीचा दगड वडिलांच्या वाटणीनंतरही बांधावर उभा असतो, आणि भांडण त्यावरूनच पेटते. कागदांत निदान फेरफाराच्या नोंदींवरून आधीची वाटणी कोणती आणि नंतरची कोणती ते कळते. डिस्कवर दगडांना तारखा नसतात.

मग ठरवायचे कसे? टेस्टडिस्कचा दुसरा, आमच्या मते सर्वांत मोठा गुण येथे दिसतो. यादीतील कोणत्याही विभागावर जाऊन ‘पी’ हे अक्षर दाबले की ती त्या गृहीतकावर आधारून आतल्या फाइलींची नावे दाखवते. डिस्कवर काहीही न लिहिता! आम्ही ६३ च्या दाव्यावर ‘पी’ दाबले. उत्तर आले, फाइल-व्यवस्था खराब झालेली दिसते. २०४८ च्या दाव्यावर दाबले, आणि बाईंचे ओळखीचे फोल्डर ओळीने पडद्यावर आले. पुढच्या विभागात गेलो तर छायाचित्रांच्या फोल्डरांची नावे: २०१७ पावसाळा, २०१८ पावसाळा. बाई खुर्चीवरून उठून उभ्या राहिल्या. आमच्या प्रयोगशाळेत याहून वेगळे काय चालते? एक कल्पना धरायची, ती खरी असेल तर काय दिसायला हवे ते ठरवायचे, आणि जाऊन पाहायचे. फरक इतकाच की आमच्याकडे उत्तर येईपर्यंत अनुदान संपते.

स्तुती एवढी पुरे, कारण टेस्टडिस्कचे दोषही लहान नाहीत. पहिल्या पडद्यांपैकी एकावर ती विचारते, तक्ता कोणत्या जातीचा? उत्तरांत ‘इंटेल’ असा शब्द असतो. साध्या वाचकाला वाटते, प्रोसेसर कोणत्या कंपनीचा ते विचारले आहे. प्रत्यक्षात तो शब्द आपण वर पाहिलेल्या जुन्या तक्त्यासाठी आहे. एएमडीचा प्रोसेसर असलेला माणूस इथेच अडखळतो. पुढे विभागांच्या यादीत तारांकन, पी, एल, ई, डी अशी एकेका अक्षराची खूण असते आणि ती डाव्या-उजव्या बाणांनी बदलायची असते. डी म्हणजे हा विभाग वगळा. सखोल शोधानंतर पुष्कळदा बऱ्याच विभागांवर ती स्वतःच डी लावून ठेवते, आणि का लावला ते सांगत नाही. इतके उत्तम निरीक्षण करणाऱ्या आज्ञावलीने आपली कारणे मात्र वाचकापासून लपवावीत, हे आम्हाला पटत नाही. विज्ञानाच्या पेपरात कोणी निष्कर्ष छापून युक्तिवाद गाळला तर आपण तो परत पाठवू.

तिसरा दोष अधिक गंभीर आहे. जुना, बिघडलेला का असेना, तक्ता बदलण्यापूर्वी त्याची नोंद ठेवायला हवी. टेस्टडिस्कमध्ये तसा ‘बॅकअप’ पर्याय शोधाच्या शेजारीच आहे. पण तो घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, अशी अट नाही. ‘राइट’ निवडले, एकदा ‘वाय’ दाबले, की ६४ बाइट बदलले. जी आज्ञावली घाबरलेल्या माणसाच्याच हाती पडणार आहे, तिने त्याच्या घाईवर एवढा भरवसा ठेवू नये.

आम्ही ‘राइट’ लगेच दाबले नाही. आधी छायाचित्रे आणि पावसाचे आकडे टेस्टडिस्कमधूनच दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतले. त्याला रात्र लागली. मग तक्ता लिहिला, संगणक पुन्हा सुरू केला, आणि तो सुरू झाला नाही! विंडोज आणि लिनक्स यांतली निवड करून देणारी ‘ग्रब’ नावाची आज्ञावली आपला उरलेला भाग ज्या विभागात शोधत होती, त्याचा क्रमांक बदलला होता. चारांपेक्षा जास्त विभाग हवेत म्हणून जुन्या पद्धतीत एक ‘विस्तारित’ विभाग करतात आणि त्याच्या पोटात साखळीने पुढचे विभाग जोडतात: प्रत्येक कडी पुढच्या कडीचा पत्ता सांगते. लिनक्स या पोटविभागांना पाचपासून क्रमांक देते. आमच्या शोधात एक छोटा विभाग यादीत आला नव्हता, त्यामुळे सहाचा पाच झाला. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून ग्रब पुन्हा बसवला, तेव्हा कुठे दोन्ही कार्यप्रणाली उठल्या. टेस्टडिस्कने दुसरा आजार बरा केला होता. ग्रबचे दुखणे तिच्या कक्षेत नव्हते. तिच्या माहितीपत्रकात हा भेद ठळक असायला हवा होता. भाचा हळहळला, कारण त्याची तिसरी कार्यप्रणाली राहूनच गेली. आणि हेही सांगितले पाहिजे की विभाग सरकवण्याचे, म्हणजे मजकूर हलवण्याचे काम सुरू झाल्यावर वीज गेली असती, तर हा लेख बराच आखूड आणि दुःखी झाला असता.

मूळ रचनेवरही दोन शब्द. हा तक्ता १९८३ मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटी संगणकाबरोबर आला. त्याची डिस्क १० मेगाबाइटची होती. तिच्यासाठी ६४ बाइट पुष्कळ होते. पण इतक्या महत्त्वाच्या कागदाची एकही नक्कल ठेवली नाही आणि तो बिघडला आहे हे ओळखायची बेरीज-तपासणीही ठेवली नाही, ही चूक पुढची पंचवीस-तीस वर्षे सर्वांनी वागवली. नव्या जीपीटी पद्धतीत ती सुधारली आहे: तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि दोन्हींवर तपासणीचा आकडा असतो. शाळांना देणगीत मिळणारे जुने संगणक मात्र बहुधा जुन्याच पद्धतीचे असतात, म्हणून हा विषय शिक्षकांसाठी शिळा झालेला नाही.

आणि ते प्रसिद्ध वाक्य. लिनक्सच्या पद्धतीने तयार केलेला, पूर्णपणे निरोगी पेन ड्राइव्ह विंडोजला जोडून पाहा. ती म्हणते, ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करणे आवश्यक आहे, करू का? आणि बटण तयार ठेवते. ‘मला ही लिपी वाचता येत नाही’ असे म्हणायच्या जागी ती ‘पाटी कोरी आहे, पुसू का’ असे म्हणते आहे. पूर्वी झटपट फॉरमॅटनंतरही बराचसा मजकूर मागे राहत असे. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सबंध विभागावर शून्ये लिहिते. आणि एसएसडीवर झटपट फॉरमॅटसुद्धा ‘ही सारी जागा रिकामी समज’ असा निरोप डिस्कला देऊ शकते, मग परत काही मिळत नाही. बटण तेच राहिले, परिणाम वाढले. त्या वाक्यावर विश्वास ठेवून उत्तर देणाऱ्या दुकानातल्या मुलाला आम्ही फारसा दोष देत नाही. त्याला कोणी तिथपर्यंत शिकवलेलेच नाही. संगणकाची जी शालेय पुस्तके आम्ही चाळली, त्यांत हार्ड डिस्क म्हणजे ‘माहिती साठवण्याचे साधन’ एवढ्यावरच मजकूर संपतो.

वर्गात यातले काय घेता येईल? फळा पुरेल. तक्त्यातील एका नोंदीत विभागाची सुरुवात चार बाइटांत लिहिलेली असते: ०० ०८ ०० ००. लहान किमतीचा बाइट आधी, मोठा नंतर. दुसऱ्या स्थानाची किंमत २५६, म्हणून ८ गुणिले २५६, उत्तर २०४८. गुणिले ५१२ बाइट केले की १०,४८,५७६, म्हणजे बरोबर एक मेगाबाइट. चार बाइटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५. त्यापलीकडचा सेक्टर या तक्त्यात लिहिताच येत नाही, म्हणून या पद्धतीत सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपुढची जागा वापरता येत नाही. आठवीच्या मुलांना हे गणित जमते. धीटपणा असेल तर एखादा टाकाऊ पेन ड्राइव्ह घ्यावा, त्याच्या पहिल्या सेक्टरची प्रत काढावी, मग तो सेक्टर शून्यांनी भरावा आणि टेस्टडिस्कने विभाग शोधायला मुलांना बसवावे. कोणत्या डिस्कवर लिहितो आहोत ते दोघांनी मोठ्याने वाचल्याखेरीज कळ दाबायची नाही, एवढा नियम ठेवावा. आम्ही तो एकदा पाळला नव्हता.

बाईंच्या संगणकाच्या पत्र्याच्या आत आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर प्रत्येक विभागाची सुरुवात आणि लांबी पेनने लिहिली आहे. छायाचित्रांच्या आणखी दोन प्रती झाल्या, एक शाळेत आणि एक आमच्याकडे. यंदाच्या पावसाचे आकडे बाई आधी वहीत लिहितात, आणि ती वही वर्ष संपल्यावर मुलांबरोबर घरी पाठवत नाहीत.